एक दिवस नगरच्या तटाशी

(पारनेर येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शैक्षणिक सहल या विषयावर दोन शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. विषय साधा वाटतो. सहल म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे पाण्यातल्या घसरगुंड्या येतात, पालकांच्या डोळ्यांपुढे वर्गणीचा आकडा येतो आणि शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. मुले मोजून नेणे आणि मोजून आणणे, एवढ्यातच बिचाऱ्यांचा दिवस जातो. म्हणून मी आज सहलीविषयी सर्वसाधारण काही बोलणार नाही. एकाच सहलीविषयी बोलणार आहे. सकाळी पारनेरहून निघावे आणि रात्रीच्या जेवणाला घरी यावे, एवढीच ती आहे. जायचे नगरला. अहमदनगर, म्हणजे २०२४ सालापासूनचे अहिल्यानगर.

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, नगरला काय जायचे, नगरला तर आम्ही महिन्यातून दोनदा जातो. जाता, हे खरे. कोर्टाच्या तारखेला जाता, दवाखान्यात जाता, लग्नाचा बस्ता बांधायला कापडबाजारात जाता. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरता आणि तिथूनच परत येता. पण दिल्ली दरवाजाखालून जाताना मान वर करून कमान पाहिली आहे, असे किती जण सांगू शकतील? हात वर करायला मी सांगत नाही; उगाच कोणाची पंचाईत नको.

आता थोडे लांबचे सांगतो, पण ते पुन्हा नगरलाच येणार आहे. स्पेन देशात माद्रिद हे राजधानीचे शहर आहे. तिथून रोज सकाळी प्रवाशांच्या बसगाड्या निघतात आणि एका दिवसात जुनी तटबंदीची गावे दाखवून संध्याकाळी परत आणतात. आविला नावाचे गाव आहे; त्याच्याभोवती सुमारे अडीच किलोमीटरचा तट आजही अखंड उभा आहे. सेगोव्हियाला टेकडीच्या टोकावर किल्ला आहे आणि रोमन लोकांनी बांधलेला पाण्याचा उंच दगडी पाट आहे. त्या किल्ल्याला तिथले लोक ‘अल्काझार’ म्हणतात. तुमच्या कानाला हा शब्द ओळखीचा वाटला असेल. तो अरबीतला ‘अल-कस्र’ आहे, म्हणजे वाडा. ग्रनाडाचा ‘अलहंब्रा’ म्हणजे ‘अल-हमरा’, तांबडा. खुद्द माद्रिदमध्ये नवव्या शतकात एका अमीराने बांधवलेल्या तटाचे अवशेष आहेत. बसमध्ये एक माणूस असतो, मार्गदर्शक. त्याचे काम एवढेच की दगड बोलू शकत नाहीत म्हणून त्यांच्या वतीने बोलायचे.

आपल्या समाजात कुर्तुबा आणि ग्रनाडा ही नावे फार प्रेमाने घेतली जातात. अल्लामा इक्बाल १९३३ साली कुर्तुब्याच्या मशिदीत जाऊन आले आणि त्यांनी त्यावर कविता लिहिली. तेव्हापासून कुर्तुबा न पाहिलेल्या माणसालाही कुर्तुब्यासाठी उसासा टाकता येतो. उसासा टाकण्याला माझी हरकत नाही. पण १४९२ च्या जानेवारीत ग्रनाडा पडले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १४९४ साली, सीना नदीच्या काठी मलिक अहमद निजामशहाने एक नवे शहर वसवायला घेतले, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ते शहर तुमच्यापासून चाळीसएक किलोमीटरवर आहे. पासपोर्ट लागत नाही. एस.टी. शैक्षणिक सहलीला सवलत देते.

आणखी एक धागा सांगतो, मग स्पेन सोडून देऊ. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली नावाचा इंग्रज सेनापती नगरवर चालून आला. तेव्हा शहर आणि किल्ला शिंद्यांकडे होता. शहराच्या तटाला बाहेरून खंदक नव्हता. त्याच्या शिपायांनी ८ ऑगस्टला शिड्या लावल्या आणि शहर घेतले. किल्ल्याला मात्र खंदक होता. तिथे शिड्या चालेनात, तोफा लावाव्या लागल्या आणि १२ ऑगस्टला किल्ला त्याच्या हाती आला. हाच माणूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१२ साली स्पेनमध्ये स्यूदाद रोद्रिगो आणि बादाहोस या तटबंदीच्या गावांवर चालून गेला. बादाहोसच्या किल्ल्यालाही शिड्याच लावल्या. गाव पडल्यावर त्याच्या फौजेने तिथे जी लूट आणि अत्याचार केले, ते इंग्रज इतिहासकारही लपवत नाहीत. तेव्हा नगरच्या तटाशी उभे राहून मुलांना सांगता येते की बाळांनो, ही भिंत आणि ती भिंत, दोन्हींना शिडी लावणारा माणूस एकच होता. भूगोलाचा नकाशा त्या क्षणी पुस्तकातून उठून बसतो.

तर सकाळी सहाला निघायचे. सुपा, कामरगाव, चास, केडगाव. रस्ता तुमच्या पायाखालचा आहे, त्यावर वेळ घालवत नाही. बसमध्ये प्रत्येक मुलाच्या हाती एक वही द्यायची आणि पानावर तीन रकाने आखून घ्यायचे: ‘पाहिले’, ‘ऐकले’, ‘वाचले’. या तीन रकान्यांसाठीच मी ही सहल मागतो आहे, असे म्हटले तरी चालेल. ते का, ते पुढे येईलच.

पहिला मुक्काम दिल्ली दरवाजा. शहराचा तट हुसेन निजामशहाच्या काळातला. तट बराचसा गेला, वेशी बऱ्याचशा गेल्या, पण नावे राहिली. झेंडीगेट, मंगलगेट, माळीवाडा वेस, अशा नावांचा पत्ता आपण रोज पाकिटावर लिहितो. मुलांना नकाशा देऊन या नावांवरून तटाचा घेर काढायला लावा. भिंत नसतानाही भिंत सापडते, ही गंमत मुलांना फार आवडते.

तिथून जवळच बागरोजा. शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाची कबर तिथे आहे. या माणसाचे मूळ मुलांना आवर्जून सांगा. फरिश्ता नावाचा इतिहासकार, जो स्वतः नगरच्या दरबारात वाढला, तो लिहितो की अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरातला. लढाईत पकडला गेला, बहामनी दरबारात मुसलमान झाला आणि वजिरीपर्यंत चढला. पुढे नगरची सत्ता आल्यावर या घराण्याने पाथरीची आठवण सोडली नाही. आता सांगा, हे घराणे ‘बाहेरून आलेले’ म्हणायचे की परभणी जिल्ह्यातले?

हा प्रश्न मी सहज विचारलेला नाही. तुमची मुले शाळेत, चौकात, मोबाईलवर इतिहास ऐकतात. तो दोनच तऱ्हांनी ऐकायला मिळतो. एक जण सांगतो, तुमच्या लोकांनी असे असे केले, तुम्हाला लाज वाटली पाहिजे. दुसरा सांगतो, आपण राजे होतो, आपली शान काय होती. पहिल्याने पोर खाली मान घालते, दुसऱ्याने पोकळ फुगते. दोन्ही वेळा ते स्वतः काही पाहत नाही. सहावी-सातवीतल्या मुलांनी मला विचारले आहे, “सर, नगरचे नाव बदलले, म्हणजे आता आपला इतिहास पुसला का?” मी त्यांना सांगितले ते तुम्हालाही सांगतो. अहिल्याबाई होळकर १७२५ साली याच जिल्ह्यात चौंडी गावी जन्मल्या. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्यांचे नाव आदराने घ्यायचे आणि वहीत लिहायचे. नावाची पाटी सरकार लावते. कबर कोणाची, तट कोणाचा, पाणी कोणी आणले, हे पाटीवर लिहिलेले नसते; ते जाऊन वाचावे लागते. जो वाचत नाही त्याचा इतिहास नाव न बदलताही पुसला जातो.

बागरोज्यात एका हत्तीची कबर दाखवतात. गुलाम अली त्याचे नाव. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत याच हत्तीने रामरायाला पकडले, असे सांगतात. हे ‘ऐकले’ या रकान्यात.

पुढे कोठला. बारा इमाम कोठला म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि मोहरमच्या दिवसांत तिथे कोणाकोणाची गर्दी असते हे तुम्हाला माहीत आहे. त्यात निम्मे लोक आपल्या समाजाचे नसतात. पण ही वास्तू बुऱ्हाण निजामशहाने १५३६-३७ च्या सुमारास बांधली ती विद्यालय आणि लंगरखाना म्हणून. इराणहून आलेला शाह ताहिर नावाचा विद्वान त्या काळात नगरच्या दरबारात होता. पंथाच्या वादात मी शिरत नाही, ते या व्यासपीठाचे काम नाही. शिक्षणसंस्थेच्या मुलांना मी एवढेच दाखवीन की शिकवण्याची जागा आणि जेवण्याची जागा एकाच अंगणात होती. पोर उपाशी असेल तर धडा डोक्यात शिरत नाही, ही गोष्ट त्या लोकांना कळली होती.

आता दमडी मशीद. किल्ल्याच्या जवळच, भिंगारच्या वाटेवर. लहानशी आहे, पण तिच्या दगडावरचे कोरीवकाम पाहून थोर माणूसही गप्प होतो. सांगतात की किल्ल्याचे बांधकाम चालू असताना मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही उभी राहिली. पुस्तके सांगतात की ती साहिर खान नावाच्या सरदाराने १५६७ च्या सुमारास बांधली. मग खरे काय? मी मुलांना उत्तर देत नाही. पहिली गोष्ट एका रकान्यात, दुसरी दुसऱ्यात, आणि भिंतीवर हात फिरवून जे दिसेल ते तिसऱ्यात लिहायला सांगतो. एका मुलीने लिहिले होते, “सरदाराने सांगितले असेल, पण दगड मजुरांनीच कोरला.” यापेक्षा चांगले उत्तर मला देता आले नसते. आपण ज्याला दमडीची किंमत नाही असे म्हणतो, त्या दमडीचे नाव साडेचारशे वर्षे टिकले आणि सरदाराचे नाव लोक विसरले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या संस्थेची वर्गणी गोळा करणारे बसले आहेत, त्यांना ही मशीद जास्त आवडेल!

दुपारच्या आत किल्ल्यात पोचावे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तेव्हा आधी चौकशी करून, परवानगी आणि ओळखपत्रे घेऊनच जावे. दारात जाऊन हुज्जत घालू नये. हा भुईकोट आहे, सपाट जमिनीवरचा. आपल्याकडे किल्ला म्हणजे डोंगर अशी समजूत, त्यामुळे मुले प्रथम निराश होतात आणि मग खंदक पाहून डोळे विस्फारतात. आधी इथे मातीचा कोट होता. १५५९ पासून तीन-चार वर्षांत हुसेन निजामशहाने तो घडीव दगडात बांधला. घेर मैलाहून थोडा अधिक. खंदक सुमारे शंभर फूट रुंद. वेलस्लीच्या शिड्यांची गोष्ट इथे पुन्हा सांगा, म्हणजे खंदक कशासाठी असतो हे वेगळे शिकवावे लागणार नाही. विजापूरला जी प्रचंड ‘मुलूख मैदान’ तोफ आहे, ती १५४९ साली नगरमध्येच ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. ती ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे तुर्कस्तानकडचा होता.

इथे चांदबिबीची गोष्ट सांगायची आणि ती घाईत सांगायची नाही.

ज्याने हा दगडी तट बांधला, त्या हुसेन निजामशहाची ही लेक. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. १५८० साली नवरा गेला. तिथे अज्ञान राजाच्या वतीने तिने कारभार पाहिला, दरबारी लोकांनी तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकले. पुढे ती माहेरी आली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद मोठी फौज घेऊन नगरला वेढा घालून बसला. बरोबर खानखानान अब्दुर रहीम होता. होय, तोच रहीम, ज्याचे दोहे तुमची मुले हिंदीच्या पुस्तकात पाठ करतात. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. काही आतल्या लोकांना सापडले, ते निकामी केले. एक उडाला. तटाला भले मोठे खिंडार पडले. सरदार पळायच्या बेतात होते. तेव्हा ही बाई चिलखत घालून, तोंडावर नकाब घेऊन, हातात नंगी तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. दिवसभर मारा चालला. रात्री तिने तिथेच उभे राहून भिंत पुन्हा उभारून घेतली. सकाळी मोगल पाहतात तो भिंत जागेवर! गोळे संपल्यावर तांब्याची, चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफेत घातली, असेही सांगतात. ते ‘ऐकले’ मध्ये घाला. १५९६ साली तह झाला. वऱ्हाड द्यावे लागले, नगर राहिले.

ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात. १६०० साली मोगल पुन्हा आले, या वेळी शहजादा दानियालबरोबर. किल्ल्यात अन्न नव्हते आणि एकी तर नव्हतीच. चांदबिबीने ताडले की लढून निभाव लागायचा नाही. बाळराजाला घेऊन सुखरूप बाहेर पडता आले तर तह करावा. तिने आपल्या एका अधिकाऱ्याचा सल्ला घेतला. तो बाहेर धावत गेला आणि ओरडला की बिबी किल्ला मोगलांना विकते आहे. कोणी विचारले नाही, कोणी खात्री केली नाही. जमाव महालात घुसला आणि ज्या बाईने चार वर्षांपूर्वी त्यांचा जीव वाचवला होता, तिला त्यांनी मारून टाकले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बाळराजा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

मुलांनो, विशेषतः ज्यांच्या खिशात मोबाईल आहे त्यांनो, ही जागा नीट पाहा. एका वाक्याने तिचा जीव घेतला. ते वाक्य तोफेपेक्षा हलके होते. रकाना कोणता हे न विचारता ‘ऐकले’ ते ‘पाहिले’ म्हणून पुढे ढकलले की काय होते, ते इथे झाले आहे.

आणि कोण कोणाशी लढत होते, तेही पाहा. आत मुसलमान बादशाहीण, बाहेर मुसलमान शहजादा. पुढे हे राज्य सावरले मलिक अंबरने. तो हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याच निजामशाहीत मालोजी आणि शहाजीराजे भोसले वाढले. नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून मालोजींनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. निजामशाही बुडायला आली तेव्हा संगमनेरजवळच्या पेमगिरीवर एका लहान निजामशहाला गादीवर बसवून तिच्यासाठी झगडले ते शहाजीराजेच. १६३६ साली ते राज्य संपले. जो कोणी तुम्हाला हा इतिहास दोन रंगांत रंगवून सांगेल, त्याला नगरला घेऊन या.

किल्ल्याच्या आतच दुसरा धडा आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या पुढाऱ्यांना पकडले आणि त्यांना इथे आणून ठेवले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, सय्यद महमूद, आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव आणि आणखी काही जण. १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले. बाग करण्यासाठी ते जमीन खणीत, तेव्हा जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मौलानांनी आपल्या एका मित्राला पत्रे लिहिली. ती पाठवता येत नव्हती, तरी लिहिली. पुढे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती छापली गेली. त्यात चहावर लिहिले आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर लिहिले आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला मौलानांनी चीता खान असे नाव ठेवले होते; चांदबिबीच्या काळातल्या एका हबशी किल्लेदाराचे ते नाव! म्हणजे कैदेत पडलेल्या माणसालाही आपण कोणत्या भिंतीत आहोत हे पाठ होते, आणि आपल्याला मोकळे फिरताना नाही.

त्याच पत्रांत एक पत्र एप्रिल १९४३ चे आहे. कलकत्त्यात मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी होत्या. मौलानांनी सरकारकडे सुटकेचा अर्ज केला नाही. बातमी आली ती त्या गेल्याचीच. ज्या आजी-आजोबांना उर्दू वाचता येते, त्यांनी हे पत्र नातवंडांना सहलीच्या आधी वाचून दाखवावे; मार्गदर्शकाने सांगण्यापेक्षा ते तुमच्या तोंडून बरे.

दुपारी डबे सोडायचे. त्यानंतर सोलापूर रस्त्यावरचा फराहबाग. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल. एकाने सुरू केला, दुसऱ्याने बांधला, बादशहाला आवडला नाही म्हणून पाडला, सलाबतखानाने पुन्हा बांधून १५८३ साली पुरा केला. इथे पाण्याची गोष्ट सांगा, कारण आपण पारनेरचे लोक. पाण्याची गोष्ट आपल्याला लगेच कळते. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांतून जमिनीखालून नळ घालून नगरच्या बागांत आणि हौदांत पाणी खेळवले होते. पंप नव्हता, वीज नव्हती. फक्त उतार. सेगोव्हियाच्या पाटासारखे ते उंच आणि देखणे नाही म्हणून त्याचे फोटो निघत नाहीत. पण टँकरची वाट पाहत घागरी घेऊन बसलेल्या गावच्या मुलाला विचारा, त्याला कोणते काम मोठे वाटते ते.

शेवटचा मुक्काम शहाडोंगर. पाथर्डीच्या वाटेवर, शहरापासून दहाएक किलोमीटर. वर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. सारे जग तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणते. ती चांदबिबीची नाही आणि महालही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. तो १५८९ मध्ये वारला. तळघरात कबर आहे, जाऊन पाहता येते. चांदबिबीची गोष्ट लोकांना आवडली, डोंगर आवडला, दोन्हींची गाठ घातली. मुलांच्या वहीतले तिन्ही रकाने इथे एकदम भरतात आणि तिघांत तीन वेगळ्या गोष्टी असतात. म्हणून मी ही जागा शेवटी ठेवतो.

आता पालकांशी थोडे. सहलीची यादी लागते तेव्हा तीस मुले आणि पंचवीस मुली असतात. बस निघते तेव्हा मुलगे तीसच असतात आणि मुली नऊ. कारणे मला पाठ आहेत. पाहुणे येणार आहेत, अम्मींना बरे नाही, उशीर होईल, लोक काय म्हणतील. मी कोणाच्या घरच्या रिवाजावर बोट ठेवत नाही. तुमची काळजी खरी आहे, म्हणून उपाय सांगतो. दोन शिक्षिका बरोबर असतील. ज्या आयांना यायचे असेल त्यांना जागा ठेवू. आया आल्या तर मला जास्त आनंद होईल, कारण त्यांनीही नगर दवाखान्यापलीकडे पाहिलेले नाही. जोहरची नमाज वेळेवर होईल. आठच्या आत बस पारनेरला असेल. एवढे केल्यावरही चांदबिबीचा तट पाहायला फक्त मुलगेच न्यायचे असतील, तर त्या तटाशी उभे राहून मी त्यांना काय सांगू, हे तुम्हीच मला सांगा.

खर्चाचे म्हणाल तर एस.टी.चे भाडे मुलांवर वाटून घ्यायचे. ज्याला जमणार नाही त्याचे नाव कोणाला कळू न देता संस्थेच्या निधीतून भरावे, अशी मी पदाधिकाऱ्यांना जाहीर विनंती करतो. डबा घरचा. भाकरी, चटणी, एखादे उकडलेले अंडे पुष्कळ झाले. पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतःची. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला पुढच्या सहलीत जागा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मार्गदर्शक म्हणून आपल्यातलीच दहावी-अकरावीची मुले तयार करावीत, अशी माझी इच्छा आहे. एकेका मुलाने एकेक जागा घ्यायची, महिनाभर वाचायचे, नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात एकदा जाऊन यायचे आणि तिथे उभे राहून लहानांना सांगायचे. मराठीत सांगायचे, घोकून नव्हे. एखाद्याला नगर दूर वाटत असेल तर सराव घरच्या अंगणात करावा. आपल्याच तालुक्यात पळशीला वेशी आणि तटबंदी असलेले गाव आहे, होळकरांच्या दिवाणांचा वाडा आहे. जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. सायकलवर जाता येते. कागद आणि पेन्सिल घेऊन वेस मोजावी, कमान काढावी, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. ते जे सांगतील ते ‘ऐकले’ मध्ये.

वह्या मी आणल्या आहेत. रकाने आखलेले नाहीत. ते ज्याचे त्याने आखायचे. नावे आज मागच्या टेबलावर घेतली जातील. मुलींची नावे आधी लिहून घ्यावीत, एवढी सूचना मी तिथे बसलेल्या गुरुजींना करून ठेवली आहे.